चार टाके, चार माणसे

दुपारी तीनची वेळ. एका चित्रकार बाईंच्या घरातली बैठकीची खोली. टीपॉय भिंतीशी सरकवलेला, सतरंजीवर जुन्या साड्यांचे तुकडे पसरलेले आणि भोवती पाच-सहा जण गोधडी शिवायला बसलेले. कोणी धावदोरा घालते आहे, कोणी शेजारणीकडून सुई ओवून घेते आहे, एक निवृत्त गृहस्थ वाकडी गेलेली ओळ उसवत आहेत. मध्येच चहा येतो. गोधडी, मातीकाम, विणकाम शिकवणाऱ्या अशा घरगुती वर्गांना ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ म्हणून हसण्याआधी त्यांच्याकडे आरोग्याच्या नजरेने पाहायला हवे.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज काही जण त्याच तक्रारी घेऊन येतात. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग दुखते. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. मुले परगावी, जोडीदार गेलेला, दिवसभर बोलायला कोणी नाही, ही माहिती मात्र केसपेपरवर कुठेच उमटत नाही. दीर्घकाळच्या एकाकीपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात आणि नैराश्याशी आढळला आहे. पण त्यावर लिहून देण्यासारखी गोळी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि कला व आरोग्य यांचे नाते मान्य केले. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे माती, रंग किंवा कागदकाम केले. त्यानंतर सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले दिसले. ज्यांना कलेचा फारसा अनुभव नव्हता, तेही त्यात होते. अर्थात प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत.

तरीही अशा वर्गाचा गुण समजायला अवघड नाही. हात गुंतले की मन त्याच त्या काळजीभोवती फिरायचे थांबते. नजर कामावर असल्याने मनातले बोलणे सोपे जाते. आणि वर्ग छोटा असल्याने न आलेल्या माणसाची चौकशी होते. पन्नास जणांच्या सभागृहात हे घडत नाही. पूर्वी वाड्याच्या ओसरीवर गोधड्या शिवताना बायकांना ही सोबत आपसूक मिळत असे. आता ती ठरवून मिळवावी लागते, एवढाच फरक.

मात्र हा उपचार नव्हे. रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी परस्पर बंद करू नये. दोन आठवडे उदासी हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वर्ग नव्हे, डॉक्टर गाठावा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही आहे. मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांना सुई टोचलेली कळत नाही, त्यांनी अंगुस्तान वापरावे. अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करावी.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्यांना या सोबतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांना अशा वर्गांची फी परवडत नाही. पण यासाठी लागते तरी काय? अंगणवाडीची दुपारी रिकामी असलेली खोली, वाचनालयाचा कोपरा, जुन्या साड्या आणि शिकवणारी एखादी आजी. स्थानिक संस्थांनी एवढे जरूर करावे. फक्त स्पर्धा, बक्षिसे आणि प्रदर्शन यांचा सोस नको. गुण द्यायला सुरुवात झाली की वाकडा टाका घालणारा माणूस यायचा बंद होतो.

डॉक्टरांनीही औषधे लिहिताना ‘आठवड्यात कोणाकोणाला भेटता?’ एवढे विचारावे. त्याला अर्धा मिनिट लागतो. पुष्कळदा न सापडणाऱ्या दुखण्याचा धागा तिथेच हाती लागतो.