रांगेचा लिलाव

गेल्या डिसेंबरात आमच्या सातवीची सहल एका मोठ्या करमणूक-उद्यानात गेली होती. माणसाला उलटेपालटे करून आणणाऱ्या त्या गाडीला हल्ली राइड म्हणतात. मी आपली जत्रेतल्या शब्दाने पाळणाच म्हणते. त्या पाळण्यापुढे माझी चाळीस मुले भर दुपारी सव्वा तास उभी होती. एक्केचाळिसावा मात्र पाच मिनिटांत आत! त्याच्या वडिलांनी वर्गणीखेरीज वेगळे पैसे भरून त्याच्या मनगटावर जलद प्रवेशाची पट्टी बांधवली होती. शेजारच्या मोकळ्या वाटेने तो गेला, तेव्हा चाळीसांतून एक शब्द उमटला नाही. एवढी शांतता वर्गात मला कधी लाभलेली नाही.

ही युक्ती आली अमेरिकेतून. डिस्नेच्या उद्यानांत 1999 साली 'फास्टपास' निघाला. आपले तिकीट यंत्रात सरकवावे, परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यावी, मधल्या वेळात पोराबाळांना खाऊ घालावा आणि वेळ झाली की आत जावे. या चिठ्ठीला एक छदामही पडत नसे. सकाळी लवकर उठणाऱ्याला तिचा लाभ अधिक, एवढाच काय तो भेद. आणि लवकर उठण्याविरुद्ध एका शिक्षिकेने काय बोलावे?

पण फुकट दिलेल्या वस्तूची चटक लागली की तिला किंमत लावता येते. 2021 मध्ये तीच सोय फ्लॉरिडात माणशी दिवसाला 15 डॉलरपासून विकायला काढली. 2024 मध्ये 'लाइटनिंग लेन प्रीमियर पास' आला. त्याची किंमत उद्यान व दिवस पाहून माणशी 449 डॉलरपर्यंत ठेवली होती! प्रवेशाचे तिकीट वेगळेच, आणि एवढे मोजून प्रत्येक पाळण्यात बसणे एकदाच. आरंभी तर तो निवडक महागड्या हॉटेलांत उतरलेल्यांनाच मिळे.

यावर शहाणे लोक विचारतात, "त्याने पैसे मोजले, त्याला सोय मिळाली. बाई, तुमच्या पोटात का दुखते? आगगाडीत पहिला वर्ग नसतो का?"

असतो की! पण पहिल्या वर्गातला प्रवासी गादीवर बसतो म्हणून माझा डबा मागे राहत नाही. आम्ही दोघे पुण्याला एकाच वेळी पोहोचतो. पाळण्याचे तसे नाही. समजा, तो तासाला हजार माणसे फिरवतो. कितीही पास विकले तरी त्याला हजार-एकावी खुर्ची फुटत नाही. त्यातल्या सातशे खुर्च्या पासवाल्यांना दिल्या, तर लांबच लांब रांगेला तीनशे उरल्या. म्हणजे पासवाल्याचा वाचलेला तास उद्यानाने निर्माण केला नाही. तो माझ्या मुलांकडून काढून घेतला, आणि विकला. मुलांना मोबदला तर सोडाच, कोणी विचारलेदेखील नाही. शिवाय रांग जितकी कंटाळवाणी, तितका पास अधिक खपणार. मग ती आखूड करण्याची घाई मालकाला कशाला असेल?

लहानपणी आईबरोबर रॉकेलच्या रांगेत मी पुष्कळ उभी राहिले आहे. रांग मला मुळीच आवडत नाही. वृद्धांना, अपंगांना, कडेवर मूल असलेल्या बाईला खुशाल पुढे सोडा. माझी मुले आपण होऊन बाजूला सरतील. आधी वेळ नेमून देण्यालाही माझा विरोध नाही. फक्त ती चिठ्ठी प्रत्येक तिकिटाबरोबर द्या, सर्वांना सारखी द्या, फुकट द्या. 1999 साली हे जमत होते, तर आज हातोहाती यंत्रे असताना का जमू नये?

आमचा तो एक्केचाळिसावा दहाव्या मिनिटाला बाहेर आला आणि कठड्यावर एकटाच बसून राहिला. पाळणा कसा होता हे सांगायला त्याला कोणी नव्हते. अखेर मनगटावरची पट्टी बाहीखाली दडवीत तो माझ्याकडे आला.

"बाई, मी मागे जाऊन उभा राहू का?"

मी त्याला शेवटच्या मुलाच्या पाठीमागे उभे केले.