फराळ कोणाच्या हातचा?

‘यंदा घरी करायला वेळ कोणाला आहे? फराळ विकतचाच आणू,’ हे वाक्य आता घराघरांतून ऐकू येते, आणि त्यात वाईट काहीच नाही. माझे विचारणे एवढेच की, विकतचा आणाल तो कोणाच्या हातचा?

प्रश्न ऐकताच कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. ‘मास्तर, सणासुदीला हे जातीपातीचे कसले काढता? आम्ही चव पाहतो, स्वच्छता पाहतो. जात पाहत नाही.’ बरे तर! मग ‘घरगुती ब्राह्मणी फराळ मिळेल’ ही पाटी का लागते? ‘अस्सल मराठा खानावळ’ ही अक्षरे एवढी ठळक का असतात? पाटी लावणारा खुळा नव्हे; गिऱ्हाईक काय पाहते, हे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगले कळते. आणि त्याच अभिमानाने दलित वस्तीतल्या चुलीचे नाव मिरवणाऱ्या पाट्या भर बाजारपेठेत किती पाहिल्या आहेत तुम्ही? मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले ते २०१५ साली.

‘हे जुने झाले’ असे म्हणू नका. २०१७ साली पुण्यात एका सुशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली, ती कशाची? स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी आपली जात लपवून सोवळे बाटवले याची! ती पुढे मागे घेतली गेली, पण मन उघडे पडायचे ते पडलेच. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेतल्या मुलांनी दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न नाकारले. मी शाळेत शिकवतो. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मुले तो घरून शिकून येतात.

राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे सर्वांना खुली केली. म्हणजे दलिताला गिऱ्हाईक म्हणून आत जाता आले. पण तोच गल्ल्यावर मालक म्हणून बसला, तर त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवील असे कलम कोणता कायदा लिहिणार?

हे मर्म कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. पाणवठे आणि सरकारी इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम त्यांनी १९१९ साली काढले. पण गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान घातले, तेव्हा तिथे हुकूम कामाचा नव्हता. महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. दुकानासमोर गाडी थांबवून त्यांनी तिथला चहा घेतला, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. छत्रपतींनी घेतलेल्या कपाला नाक कोण मुरडणार!

ज्या अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सज्जनांना जोतीरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तिथेही हेच दिसते. जॉर्जिया गिल्मोर ही मंटगमेरी गावची काळी स्वयंपाकीण. तिथे काळ्या हातचे अन्न गोऱ्यांना चालत असे, शेजारचे काळे माणूस मात्र चालत नसे. आपल्याकडे दोन्हींचे वावडे! बसवरच्या बहिष्काराच्या खटल्यात, १९५६ साली, तिने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाजूने साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. किंग यांनी तिला घरीच खानावळ घालायला सांगितले, पैशांची मदत केली आणि ते स्वतः तिथे जेवू लागले. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी केक, तळलेली मासळी विकून आलेला पैसा चळवळीच्या गाड्या चालवायला दिला. ३८१ दिवसांचा तो बहिष्कार नुसत्या भाषणांवर तगला नाही; जेवण विकत घेणाऱ्यांच्या नाण्यांवरही तगला.

कोणी म्हणेल, ‘मग काय दुकानदाराला जात विचारायची?’ मुळीच नाही! पण न विचारताही आपल्याला सारे ठाऊक असते, आणि म्हणूनच आपली पावले काही दारांवरून नेमकी पुढे जातात. ती तिथे थांबवा, एवढेच मागणे आहे. गावकुसाकडच्या वस्तीतला बचत गट, नाक्यावरचा पोरसवदा चहावाला, डबे देणारी एखादी बाई, यांच्याकडे एकदा तरी ऑर्डर नोंदवून पाहा.

मात्र दया म्हणून घेऊ नका. दयेचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसते. भाव विचारा, चव पाहा, रोख पैसे द्या. चकली मऊ निघाली तर खुशाल भांडा, आणि खुसखुशीत निघाली तर पाहुण्यांपुढे ताट ठेवताना ती कोणाच्या हातची, ते नाव मोठ्याने सांगा.