रॉस व रेचेल यांचा कज्जा

अमेरिकेंतील 'फ्रेंड्स' ही विनोदी दूरचित्रवाणी मालिका सन १९९४ पासून २००४ पर्यंत चालली. परंतु तींतील एक कज्जा प्रेक्षकांनीं अद्यापि मिटूं दिलेला नाहीं. फेब्रुवारी १९९७ मधील भागांत रेचेल रॉसपाशीं कांहीं काळ दूर राहण्याची गोष्ट काढते, आणि त्याच रात्रीं रॉस दुसऱ्या स्त्रीच्या सहवासांत जातो. एक पक्ष म्हणतो, बंधनच उरलें नव्हतें, मग विश्वासघात कसला? दुसरा म्हणतो, एक रात्रही ज्यास धीर धरवला नाहीं, त्याचें प्रेम तरी कसलें?

आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. तथापि खरा दोष त्या रात्रीच्या पूर्वींच शोधिला पाहिजे. रेचेलला मनाजोगी नोकरी मिळतांच रॉस तिच्या सहकाऱ्याविषयीं संशय धरितो, तिच्या कचेरींत भेटींचा वर्षाव करितो, इतकेंच काय, चार गवयांचें पथकही धाडतो! पुढें एके रात्रीं तिला काम आटपेना, तों हा फराळाची टोपली घेऊन तेथें हजर. प्रेक्षक हंसतात, घरीं आपणही हंसतों. प्रसंग हंसण्याजोगा आहेच, विनोदावर आमचा राग नाहीं. परंतु मुलगी कमावूं लागतांच तिच्यावर पाळत ठेवणारा मनुष्य केवळ 'प्रेमळ' ठरावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

आमचे विद्यार्थी असल्या मालिका पाहतातच. आईबापांनीं नाक मुरडून उठून जाण्यापेक्षां शेजारीं बसावें व विचारावें : ती टोपली पाहून तुला हंसूं कां आलें?