उंबरठ्यावर भेटणाऱ्या दोघी

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा येथे नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार आहे. पर्यटकांची वाहने उजाडल्यावर आत जातात आणि दिवस मावळला की जंगल रात्रीच्या स्वाधीन करून त्यांना बाहेर पडावे लागते. एका घराच्या दोन धनिणींनी पाळी ठरवून घ्यावी, तसा हा व्यवहार होय.

सुमारे २७०० वर्षांपूर्वी हेसिअड या ग्रीक कवीने असेच एक घर कल्पिले. त्यात निक्स म्हणजे रात्र आणि हेमेरा म्हणजे दिवस राहतात. ग्रीकांच्या लेखी दिवसही स्त्रीच; एवढेच नव्हे, तर तो रात्रीची कन्या. काळोखाच्या पोटी प्रकाश जन्मला, असा हा वंशवृक्ष आहे. मायलेकी एकाच घरात राहतात, पण घर दोघींना एकाच वेळी कधीच सामावून घेत नाही. एक परतते तेव्हा दुसरी निघालेली असते. कांस्याच्या उंबरठ्यावर त्या एकमेकींना अभिवादन करतात, इतकाच त्यांचा सहवास.

या रात्रीचा दरारा मोठा होता. होमरच्या ‘इलियड’मध्ये देवांचा राजा झ्यूस संतापून निद्रादेवाच्या मागे लागतो, पण तो रात्रीच्या आश्रयास गेल्याचे पाहून मुकाट्याने माघार घेतो. ग्रीक कवी तिला ‘सहृदय’ अशा अर्थाच्या नावानेही संबोधीत. भयाला गोड नाव देण्याची ही रीत आपणा व्यापाऱ्यांना परकी नाही. आपणही दुकान बंद करीत नाही, ‘वाढवतो’!

आपल्याकडेही ही कल्पना आहे. ऋग्वेदात उषा आणि रात्री या बहिणी आहेत. महाभारतात उत्तंकाला नागलोकी दोन स्त्रिया काळ्यापांढऱ्या धाग्यांचे वस्त्र विणताना दिसतात, ते धागे म्हणजे रात्री आणि दिवस. जैन विचार मात्र येथे निराळ्या वाटेने जातो. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायानुसार मेरूभोवती फिरणाऱ्या सूर्यचंद्रादिकांच्या गतीमुळे कालविभाग घडतो. रात्रीला तेथे कोणाची माता व्हावे लागत नाही. मला ही मांडणी अधिक रुचते, तरी हेसिअडचा तो उंबरठा मनातून जात नाही.

कारण तो आपल्या घरांत आहे. मुले शाळेतून येतात तेव्हा वडील पेढीवर. वडील दुकान वाढवून येतात तेव्हा मुले निजलेली. रात्रिभोजनत्यागाचा नियम जीवदयेसाठी आहे, पण त्याच्या आधाराने पूर्वी सारे घर उजेडी एका पंगतीला बसे. आता गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी सूर्यास्ताच्या सुमारास होते. पुष्कळ घरांनी त्यावर तोड काढली आहे: डबा दुकानात पोहोचतो. नियम तंतोतंत पाळला जातो; जेवणारा गल्ल्यामागे एकटा असतो.