घरोघरची परीक्षा

पाहुणा ओट्यावर टेकतो न टेकतो तोच अडीच वर्षांच्या बाळाला पुढे उभे केले जाते. ए ते झेड, शंभरापर्यंत आकडे, रंगांची इंग्रजी नावे! मूल अडखळले की आईचा चेहरा उतरतो. हे कौतुक नव्हे. जिज्ञासेवर फिरवलेला नांगर आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

चुणचुणीत मुलाला शिकायचे असते, हे आम्हांस मान्य आहे. पण त्याचे शिकणे म्हणजे दिवसभराचे 'का?'. आजीने सामवेदीत दिलेले त्याचे उत्तर मात्र 'गावठी' म्हणून मध्येच तोडले जाते. ताराबाई मोडकांनी माँटेसरीचे तत्त्व बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले, तेथे पाने, बिया, शिंपले हीच साधने झाली. (आम्ही त्या बाजूला जातो ते चिकू आणायला!)

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी बालकाची चाळणी निषिद्ध ठरवली. मग घरोघरी ती कोणी सुरू केली?

लूकच्या शुभवर्तमानातला बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. मरियामातेने त्याला पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायला उभे केल्याचे तेथे कोठे आढळत नाही.