संमतीपत्रावरचा अंगठा

'माझे मूल, माझा निर्णय' हे वाक्य गेल्या काही वर्षांत आमच्या पालकसभांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याला आता म्हणीची प्रतिष्ठा लाभू पाहते आहे. करोनाच्या महासाथीत शाळकरी मुलांनी मुखपट्टी लावावी की लावू नये, या वादात ते प्रथम कानी पडले. महासाथ ओसरली. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिल रोजी, राज्यातील मुखपट्टीची सक्तीही उठली. वाक्य मात्र उरले. २०२५ च्या मे-जून महिन्यांत महाराष्ट्रात कोविडचे रुग्ण पुन्हा थोडेफार आढळू लागताच शाळेच्या ओट्यावर तोच वाद त्याच तावातावाने पुन्हा उभा राहिला. दोन्ही पक्षांत आमच्याच धर्मग्रामातील कुटुंबे आहेत. मिस्साबलीत शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे दोन बाप मी वेदीवरून पाहिले आहेत.

या दोन पक्षांत समेट घडवून आणणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते वाक्यच चुकीचे आहे, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर ते विशेषच खोटे आहे, एवढे मला सांगायचे आहे. आणि मुखपट्टीच्या कैवाऱ्यांकडेही एक हिशेब मागायचा आहे.

वाद ज्या कागदावरून पेटला तो कागद आधी पाहू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग उघडण्यास मुभा मिळाली. दुसऱ्या लाटेने ती हिरावून घेतली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले. पहिली-दुसरीच्या लेकरांना तर १ डिसेंबर उजाडावा लागला. या काळात मुलाला वर्गात बसवायचे तर पालकांचे लेखी संमतीपत्र हवे, असा नियम होता. शासनाचा हेतू वाईट नव्हता. भ्यालेल्या आईबापांवर शाळेची सक्ती नको, एवढाच होता. परंतु त्या कागदाने एक विपरीत गोष्ट केली. जी आपत्ती मुळात साऱ्या गावाची, तिचा निर्णय त्याने घराघरांत सुटा-सुटा वाटून दिला. ज्याने त्याने आपापल्या मुलापुरते पाहावे, अशी जणू सरकारी मोहोरच त्या वृत्तीवर उमटली. मग मुलाला शाळेत पाठवण्याचा निर्णय माझा असेल, तर त्याच्या तोंडावर काय असावे हाही निर्णय माझाच, असे पालक म्हणू लागले तर नवल ते काय?

आता त्या संमतीपत्रावर सही कोणाची होती, ते पाहा. दसरा-दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, नवापूर तालुक्यांतील पाड्यांवरून माणसे वळकट्या बांधून ऊसतोडीला गुजरातच्या वाटेला लागतात. मुलांपैकी काही सोबत जातात, काही आश्रमशाळेत वा वसतिगृहात राहतात, आणि उरलेली आजीच्या पदराखाली. २०२१ च्या हिवाळ्यात ज्या संमतीपत्रांवरून बाजारपेठेच्या गावांतील सुशिक्षित पालक आपल्या हक्कांविषयी भांडत होते, तशाच कितीतरी पत्रांवर पाड्यावर निळ्या शाईचा अंगठा होता. तो आजीचा होता. विषाणूचा सर्वांत मोठा धोका ज्या वयाला, त्या वयाची ती बाई. नातवाला शाळेत पाठवायची तुझी तयारी आहे का, एवढे तिला विचारले गेले. वर्गातील इतर चाळीस मुलांचा श्वास नातवाच्या मार्गाने तुझ्या झोपडीत येईल, तो कसा यावा, याविषयी तुझे काय म्हणणे आहे, हे तिला कोणीही विचारले नाही. तो निर्णय त्या चाळीस घरांनी 'आपल्या मुलापुरता' घेऊन टाकला होता.

मुखपट्टी हे मोटारसायकलवरच्या हेल्मेटसारखे प्रकरण नव्हे. हेल्मेट न घालणाऱ्याचे डोके त्याचे स्वतःचे असते. मुखपट्टी ती लावणाऱ्याला थोडेफार राखते हे खरे. पण तिचे मोठे काम त्याच्या तोंडातून बाहेर पडणारे तुषार अडवण्याचे, म्हणजे शेजाऱ्याला राखण्याचे आहे. ज्या वस्तूचा लाभ शेजाऱ्याला होतो, ती वापरावी की नाही याचा निर्णय केवळ माझा कसा?

यावर हमखास उत्तर येते की, मुखपट्टीने काही होत नाही हे आता सिद्ध झाले आहे. असे काहीही सिद्ध झालेले नाही. २०२३ च्या जानेवारीत 'कोक्रेन' या वैद्यकीय संस्थेचा एक आढावा प्रसिद्ध झाला, तो याच अर्थाने गावोगाव मोबाइलवरून फिरला. मार्चमध्ये त्या संस्थेच्या मुख्य संपादिकेलाच खुलासा करावा लागला की, उपलब्ध पुराव्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. मला त्यापेक्षा आपल्याला जवळचे वाटणारे उदाहरण बांगलादेशाचे आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तेथील सहाशे खेड्यांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. मुखपट्टी नीट लावणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे नऊ टक्क्यांनी घटला. नऊ टक्के म्हणजे काही फार नव्हे, हे मान्य. मात्र ज्या खेड्यांत कापडी नव्हे तर शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशी मुखपट्टी दिली होती, तेथे साठीच्या पुढच्या माणसांत ही घट जवळपास ३५ टक्के होती. हा प्रयोग मुलांवर नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण आपला प्रश्न तरी केवळ मुलांचा कोठे आहे? मुले बहुधा बरी होतात. अंगठा उठवणाऱ्या आजीचे काय, हा प्रश्न आहे.

त्या प्रयोगातील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथे मुखपट्टी दंडाच्या धाकाने वाढली नाही. ती घरपोच फुकट दिली गेली, लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून दिली गेली, गावच्या प्रतिष्ठितांनी आणि मशिदीतील इमामांनी ती स्वतः लावून दाखवली. येथेच मला आपल्याकडील मुखपट्टीच्या कैवाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. मुखपट्टी नाही म्हणून पोराला फाटकातून परत पाठवण्याचा उत्साह ज्यांनी दाखवला, त्यांच्यापैकी किती जणांच्या खिशात त्या पोराला देण्यासाठी एक जादा मुखपट्टी होती? ज्या घरात भावंडे एकच चप्पल आळीपाळीने घालतात, त्या घरात एकच मुखपट्टीही आळीपाळीने लावली जाते, हे आपण पाहिलेले नाही काय? पाच-सहा किलोमीटर डोंगर उतरून आलेले मूल, त्या दिवशीच्या खिचडीला मुकून, पुन्हा तोच डोंगर चढून घरी गेले. आणि आम्ही आरोग्याचे रक्षण केले म्हणून समाधान पावलो! वस्तू मागणाऱ्याने ती आधी पुरवावी. ज्यांना ही साधी गोष्ट सुचली नाही, त्यांची कळकळ बाजारात विकत मिळणाऱ्या मुखपट्टीइतकीच पातळ होती.

विरोधकांच्या इतर युक्तिवादांवर मी शाई खर्च करणार नाही. मुखपट्टीने मुलाचा प्राणवायू घटतो म्हणणाऱ्यांनी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर जाऊन यावे. ठसक्यापासून वाचण्यासाठी तेथे मायबहिणी तोंडाला फडके गुंडाळून दिवसभर देठे खुडतात. पण त्यांच्या एका युक्तिवादापुढे मात्र थांबलेच पाहिजे. ज्या मुलाची घरची बोली मावची, पावरी वा भिली आहे, ते पहिलीत येऊन मराठी शिकते ते गुरुजींच्या ओठांकडे पाहून. काही ध्वनींतील भेद ते कानांप्रमाणे डोळ्यांनीही टिपते. गुरुजींचे तोंड झाकले की त्याची अर्धी पाटी पुसली जाते. शहरातील मुलाला घरी मराठी ऐकायला मिळते. याला शाळेबाहेर ती मिळतच नाही. शिवाय दीड-पावणेदोन वर्षे बंद शाळेने या मुलाची आधीच केवढी हानी केली होती!

ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण तिचे उत्तर 'माझे मूल, माझा निर्णय' हे नाही. तिचे उत्तर वर्गाबाहेर आहे, अगदी शब्दशः. हा रोग हवेतून पसरतो, बंद खोलीत जास्त आणि उघड्यावर फार कमी, हे २०२१ साल उजाडेपर्यंत पुरते स्पष्ट झाले होते. पत्र्याचे छप्पर आणि हातभर खिडकी असलेल्या खोलीत चाळीस मुले कोंबायची आणि मग त्यांच्या तोंडावरच्या कापडावरून भांडायचे, यापेक्षा पहिलीचा वर्ग आंब्याखाली भरवला असता, गुरुजींनी चार हात दूर उभे राहून उघड्या तोंडाने बाराखडी म्हटली असती, तर? सावली आणि वारा यांची या जिल्ह्यात टंचाई नाही. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांतही पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना मुखपट्टीची शिफारस नव्हती. सहा ते अकरा वयाच्या मुलांनी ती नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावी, आणि बारा वर्षांपुढच्यांनी मोठ्यांप्रमाणे, असे म्हटले होते. म्हणजे बालवाडीच्या लेकरांवरून जे रण माजले, त्या लेकरांच्या मुखपट्टीचा आग्रह त्या सूचनांत नव्हताच. मोठ्या मुलांचे म्हणाल, तर पंधरा वर्षांपुढच्यांना लस ३ जानेवारी २०२२ पासून आणि बारा वर्षांपुढच्यांना १६ मार्चपासून मिळू लागली. तोवर उघडी हवा आणि मुखपट्टी, एवढीच त्यांच्या हाती होती.

काही वाचनप्रिय पालक माझ्यापुढे ख्रिस्तसभेचीच शिकवण ठेवतात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले आहे, हे अगदी बरोबर. पण त्याच महासभेने, त्याच वर्षी, धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात हक्क बजावताना इतरांचे हक्क आणि सर्वांचे हित सांभाळण्याचे बंधनही घातले आहे. एक कागद वाचायचा आणि दुसरा मिटून ठेवायचा, हे वाचन नव्हे. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे महागुरुस्वामी संत चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, त्या कशासाठी? घरात अडकलेल्या भाविकांना खिडकीतूनच मिस्सात सहभागी होता यावे म्हणून. त्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी होती, असे म्हणण्यास कोण धजेल?

तथापि सक्तीचा आणि विश्वासाचा भेद विसरून चालणार नाही. १८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या वेळी रँडच्या सोजिरांनी घरे धुंडाळली, तेव्हा लोकांच्या मनात रोगापेक्षा रोगनिवारणाची धास्ती मोठी झाली. प्लेगच्या इस्पितळात आपल्या मुलींची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी तेव्हा 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले. त्याच साथीत, त्याच वर्षी, प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या सावित्रीबाई फुले स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. एकीने अरेरावीला जाब विचारला, दुसरीने आजाऱ्याला पाठीशी घेतले. 'माझी मुलगी, माझा निर्णय' असे दोघींपैकी कोणीच म्हटले नाही. रमाबाई भांडल्या त्या आश्रयाला आलेल्या परक्या मुलींसाठी. सावित्रीबाईंच्या पाठीवरचे मूलही परक्याचेच होते.

आणि दूर कशाला जा? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात आढळला. नखशिखान्त पांढरा पोशाख चढवलेली, तोंड झाकलेली माणसे आपल्या पोल्ट्र्यांत उतरली. २०२१ च्या फेब्रुवारीत तोच रोग पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. निरोगी दिसणाऱ्याही मारल्या गेल्या. धंदा बुडाला, माणसे रडली. पण 'माझी पोल्ट्री, माझा निर्णय' हे तेथे चालणारे नव्हते, कारण एका शेडमधला रोग दुसऱ्या शेडचे कुंपण मानत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. कोंबड्यांच्या बाबतीत आपल्याला जे समजले, ते मुलांच्या बाबतीत समजू नये?

मार्च २०२० मध्ये कित्येक पाड्यांनी बांबू आडवे टाकून आपल्या वेशी आपणच बंद केल्या. त्यासाठी घरोघरची संमतीपत्रे कोणी गोळा केली नव्हती. माणसे एकत्र बसली आणि ठरले. पुढे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी, पहिली लाट ओसरत असता, दुसरीची वाट न पाहता जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभे केले. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना आपल्या या मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले.

तेव्हा शाळेच्या मुखपट्टीचाही निर्णय असाच, एकत्र बसून आणि रोग येण्यापूर्वी व्हावा. कोणत्या वर्गांना झाडाखाली बसवायचे. कोणाच्या घरी म्हातारी माणसे आहेत, कोणाच्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे. बचत गटाच्या भगिनींना कापड कोण देणार, आणि ज्या मुलाजवळ मुखपट्टी नसेल त्याच्यासाठी ती शाळेच्या कपाटात आधीपासून कोण ठेवणार, हे सारे आजच ठरवता येईल. जूनमधल्या सभेला बाजारपेठेचे पालक येतील, तावातावाने बोलतील. दुसरी सभा दिवाळीपूर्वी, ऊसतोडीचे ट्रक सुटण्याच्या आत भरवावी. तिला पाड्यावरचे आईबाप येतील. त्यांच्यासोबत आजी येईल, तिला मागे भिंतीशी बसवू नये, आणि पहिला प्रश्न तिला विचारावा, तिच्या बोलीत.