कोयत्याला एक खण, खणाला एक किल्ली



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी ऑफिसात येणारा सभासद खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतो, "साहेब, आमच्या फडात टोळी कधी?" त्यात त्याची चूक नाही. वर्षभर जीव लावून वाढवलेला ऊस डोळ्यांदेखत तुरा टाकायला लागला की कुणाचाही धीर सुटतो. या पानावर मी आजवर बेणेबदल, खोडवा, पाचट, हुमणी असल्याच विषयांवर लिहीत आलो. आज विषय थोडा वेगळा आहे. आज पत्र्याच्या पेटीविषयी लिहायचं आहे. पेटीचा आणि उसाचा काय संबंध, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

मागल्या हंगामातली गोष्ट. एका गटातली टोळी तीन दिवस कमी तोड देत होती. स्लिपबॉय सांगत आला, "साहेब, चार कोयते अर्धेच येताहेत." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. जोडीतलं एक माणूस घरी राहिलं की कोयता अर्धा झाला. मुकादमाला विचारलं तर तो मान खाली घालून उभा. शेवटी मोटारसायकल काढली आणि भर दुपारी तळावर गेलो.

तळ सामसूम होता. कोपीच्या दारात बायका बसल्या होत्या. दोन रात्रींपूर्वी एका कोपीतल्या ट्रंकेचं कुलूप कुणीतरी तोडलं होतं. उचलीतले राहिलेले पैसे आणि सोन्याचे चार मणी गेले. कोण आलं, कुठून आलं, कुणालाच पत्ता नाही. तेव्हापासून ज्याच्या घरी राखणीला माणूस नाही, त्यानं बायकोला मागं ठेवलेलं. आणि ज्याला बायकोला ठेवणं परवडत नव्हतं, त्यानं पोरगी ठेवलेली. एका कोपीत दहा-अकरा वर्षांची मुलगी मांडीवर भाऊ घेऊन चक्क ट्रंकेवर बसली होती. मी म्हटलं, "शाळेत नाही गेलीस का गं?" ती म्हणाली, "आई म्हनली, पेटी सोडून हलू नको."

त्या मुलीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

काय असतं हो त्या पेटीत? आपल्या हिशेबानं पाहिलं तर फार काही नसतं. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पोराचा शाळेचा दाखला, दिवस गेलेल्या बाईचं दवाखान्याचं कार्ड, एखादा दागिना, थोडे पैसे. पण बीड, जालना, परभणीकडून पाच-सहा महिन्यांसाठी घर सोडून आलेल्या माणसाचं सगळं घर तेवढ्या पेटीत असतं. रेशनकार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून आता दुसऱ्या गावीही धान्य मिळतं, पण तो नंबर हाताशी असेल तर. दवाखान्याचं कार्ड हरवलं की बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरपुढं सगळं पहिल्यापासून सांगत बसायचं.

आणि ही पेटी ठेवायची कशात? तर बांबू, चटया आणि पाचटाच्या कोपीत. कोपीला दार नाही, कडी नाही, शेजारी पेटती चूल. एक ठिणगी उडाली तर कोपी जळायला पाच मिनिटं लागत नाहीत, आणि घरचं माणूस तेव्हा दोन कोसांवर फडात असतं. म्हणून कितीतरी बायका पैशाची पिशवी कमरेला बांधूनच ऊस तोडतात. घामानं, दवानं नोटा आणि कागद भिजून लगदा होतो.

आता कारखान्याच्या आतली स्थिती बघा. आपल्या मिल हाऊसमधल्या, बॉयलरवरच्या कामगाराला कपडे बदलायला, डबा ठेवायला खण आहे. तो कुणी उपकार म्हणून दिलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच कामगाराचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा असावी, असा विचार होता. २०२० च्या नव्या संहितेतही तो आलेला आहे. मग गव्हाणीच्या आतल्या माणसाला खण आणि गव्हाणीत ऊस आणून टाकणाऱ्याला काही नाही, हा न्याय कुठला? तोही आपल्याच कारखान्याचं काम करतो. फरक इतकाच, की त्याच्या कामाच्या जागेला भिंती नाहीत.

सभासद म्हणतील, ही दया झाली. आमचा यात फायदा काय? तोही सांगतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. त्यापुढं वजन घटतं, साखर उतरते, मग तो को ८६०३२ असो की कोएम ०२६५. टोळी अर्धी आली की गाडी भरायला उशीर, गाडी उशिरा आली की तोडलेला ऊस फडातच वाळतो. वजनातली घट एका सभासदाच्या बिलात दिसते, उताऱ्यातली घट सगळ्यांच्या दरात. पेटीची राखण करायला बसलेलं प्रत्येक माणूस हे असं आपल्या काट्यावर येऊन पडतं. शिवाय ज्या तळावर माणसाला निर्धास्त वाटतं, तिथं टोळी पुढल्या वर्षी परत यायला बघते. टोळ्यांची ओढाताण किती वाढली आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

माझी सूचना साधी आहे. मोठ्या तळावर पाण्याची टाकी आणि लाईट असते, तिथंच एक पक्की दहा बाय बाराची खोली बांधावी. आत लोखंडी पत्र्याचे खण करावेत, दोन फूट रुंद, दीड फूट उंच, दीड फूट खोल. कोयत्यामागं एक खण, खणावर कोयत्याचा नंबर. मोबाइल चार्ज करायला भिंतीला चार-सहा प्लग द्यावेत. पत्रा आणि अँगल आपल्या वर्कशॉपच्या भंगारात पडलेला आहे, आणि ऑफ सीझनला आपले फिटर, वेल्डर आपलेच आहेत. टोळ्या पहाटे चारला निघतात, काही गाड्या रात्री भरतात. म्हणून खोलीला ऑफिसची वेळ लावून चालायचं नाही. वॉचमन चोवीस तास पाहिजे. पहिल्या वर्षी दोनच तळांवर करून बघू. जमलं तर पुढं वाढवू, चुकलं तर दुरुस्त करू.

यावर तीन हरकती माझ्या कानावर आल्या आहेत.

पहिली: "टोळी मुकादमाची, जबाबदारीही त्याची." कागदोपत्री तसं असेल. पण तोडीचा प्रोग्राम आपण देतो, तळाची जागा आपण देतो, मग जागेवरच्या चोरीकडं पाठ फिरवणं बरं दिसत नाही.

दुसरी: "खणातून काही गेलं तर भरपाई कोण देणार?" हा प्रश्न रास्त आहे. आत काय ठेवलं याची जबाबदारी कारखान्यानं घेऊ नये. पण खोली, कुलूप आणि वॉचमन यांची घ्यावी. एवढं पाटीवर स्वच्छ लिहून लावावं आणि टोळीला वाचूनही दाखवावं, कारण पाटी सगळ्यांना वाचता येईलच असं नाही.

तिसरी सूचना मात्र हरकत म्हणून आली नाही, सोय म्हणून आली. एक जण हळूच म्हणाला, "बरं होईल साहेब. पेटी आपल्या ताब्यात राहिली म्हणजे टोळी उचल बुडवून पळणार नाही." बंधूंनो, याला माझा साफ विरोध आहे. टोळी पळाली तर नुकसान होतं, हे मी नाकारत नाही. त्या रात्री मुकादमाच्या मागं मीही हिंडलेलो आहे. पण माणसाचे कागद आणि दागिने अडकवून त्याच्याकडून काम घेणं ही वेठबिगारी झाली, आणि ती १९७६ च्या कायद्यानं बंद झालेली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या दिवशी खणाची दुसरी किल्ली मुकादमाच्या किंवा आपल्या शेतकी खात्याच्या खिशात जाईल, त्या दिवशी बाया पुन्हा पिशवी कमरेला बांधतील आणि पोरगी पुन्हा ट्रंकेवर बसेल. म्हणून नियम एकच: किल्ली कोयत्याची. ती कोयत्यातल्या बाईच्या हातात दिली तर अधिक चांगलं.

एक गोष्ट कबूल करतो. खण केला म्हणून ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाईल, असं नाही. मांडीवरच्या भावाला कुणी सांभाळायचं, हा प्रश्न राहतोच. त्याला तळावर पाळणाघर पाहिजे, आणि त्यावर वेगळं बोलावं लागेल. पण तिला जागेवर बांधून ठेवणारी दोन कारणं आहेत. त्यातलं एक तरी आपल्या वर्कशॉपमधल्या भंगारातून सुटण्यासारखं आहे.

आपले कारखाने शेतकऱ्यानं शेअर-शेअर गोळा करून उभे केले. कष्टाचा पैसा सुरक्षित राहावा ही काळजी आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर आपण सोसायटी, बँक, पतसंस्था काढल्या. ज्याच्या कोयत्यावर हे सगळं चालतं, त्याला त्यातला दीड फुटाचा एक खण जड होऊ नये.

येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी मा. चेअरमनसाहेबांना आणि संचालक मंडळाला नम्र विनंती केली आहे. सभासदांनी आपलं मत गट ऑफिसात लेखी द्यावं. विरोध असला तरी द्यावा. मात्र लिहिण्याआधी एकदा दुपारच्या वेळी आपल्या गटातल्या तळावर चक्कर मारून यावी.

— ऊस विकास अधिकारी